चार इंजेक्टर 'बदलले', त्यातला एक पळवला

जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे पार्ट) लीक आहेत असं मेकॅनिक म्हणाला, की खिशात हात घालण्याआधी एवढंच विचारा : कुठून लीक? मला हा प्रश्न सांगलीतल्या एका गॅरेजात ४२,००० रुपयांना पडला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

गाडी २०१० ची स्विफ्ट डिझेल. तासगावकडे द्राक्षबागेत जायला-यायला घरात ठेवलेली. तक्रार साधी होती. बॉनेटमधून चक-चक-चक असा आवाज यायचा आणि एसी लावला की आत जळक्या डिझेलचा वास. स्टार्टिंग, पिकअप, अ‍ॅव्हरेज, सगळं व्यवस्थित.

गॅरेजवाल्याने इंजिनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, एका इंजेक्टरच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर खुपसला आणि डांबरासारखा काळा गोळा वर काढून दाखवला. "मालक, बघा की. चारी इंजेक्टर लीक मारतायत. उद्या हायवेला बंद पडली तर मला बोलायचं नाही." दुपारी फोन करून बोलावून घेतलं आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर दाखवला. पी ०२०१, ०२०२, ०२०३, ०२०४. चार सिलिंडर, चार कोड. समोर मशीनच सांगतंय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

आता यातलं खरं काय ते सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. हे चारही कोड इंजेक्टरच्या वायरिंगचे असतात. सर्किट तुटलंय एवढंच ते सांगतात. डिझेल गळतंय की नाही हे त्यांना कळतच नाही. चावी चालू ठेवून इंजेक्टरचा सॉकेट उपटला की तो कोड हमखास येतो. सकाळी स्वतःच्या पायाने गॅरेजात गेलेल्या गाडीच्या चारही इंजेक्टरांचं सर्किट दुपारपर्यंत एकदम तुटतं, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

काळा गोळा मात्र खरा होता. इंजेक्टर इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, जिथे बसतो तिथे खाली तांब्याचा एक वॉशर असतो. तो दबला किंवा खराब झाला की सिलिंडरमधला जळका वायू बाजूने फुसफुसत वर येतो आणि तिथे कार्बन साचत जातो. चक-चक आवाज त्याचा, वासही त्याचाच. उपाय म्हणजे इंजेक्टर काढायचा, बैठक साफ करायची, नवा वॉशर घालून ठरलेल्या जोराने (टॉर्कला) आवळायचा. वॉशर काही रुपयांचा. काढताना इंजेक्टर अडकला तर मजुरी वाढते, पण तो इंजेक्टर बिघडलाय असं त्यावरून ठरत नाही.

पैसे यूपीआयने दिले. पावती म्हणून मिळाली एस्टिमेट लिहिलेली चिठ्ठी : 'इंजेक्टर नवीन ४ नग'. जुने मागितले, तर "ते एक्सचेंजला गेले कंपनीकडे." जुना पार्ट देऊन नवा घ्यायचा, ही एक्सचेंजची पद्धत खरोखरच असते, म्हणून हे उत्तर पटकन पचतं.

आवाज गेला, वास गेला. आणि जे दुखणं आधी नव्हतं ते सुरू झालं. सकाळी गार इंजिन बऱ्यापैकी चालू व्हायचं, पण तासगावपर्यंत जाऊन चहाला थांबलं की परत निघताना सेल्फ मारून मारून जीव जायचा. गॅरेजवाला आधी म्हणाला बॅटरी वीक आहे. नवी बॅटरी टाकली. मग म्हणाला, पंपावर डिझेलच भेसळीचं मिळतंय.

शेवटी गाडी मिरजेला, पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका चाचांकडे नेली. काही वर्षांपूर्वी हेच इंजेक्टर त्यांच्याकडे साफ करून, टेस्टिंग करून घेतले होते. चाचांनी आधी स्कॅनरला हातच लावला नाही. चारी इंजेक्टरांच्या डोक्यावरचे रिटर्नचे, म्हणजे उरलेलं डिझेल परत टाकीकडे नेणारे, पाइप काढले, त्या जागी सलाइनच्या नळ्या बसवल्या आणि नळ्यांची टोकं औषधाच्या चार सारख्या बाटल्यांत सोडली. इंजिन आयडलवर ठेवलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत बोटभर डिझेल जमेपर्यंत तिसरी गळ्यापर्यंत आली.

ही दुसरी गळती; पहिली ती वॉशरची. इंजेक्टर आतून झिजला की डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी रिटर्नला पळतं, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रेशर बनत नाही, आणि ठराविक प्रेशर आल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. गरम डिझेल पातळ होतं, म्हणून गरम इंजिनला त्रास जास्त. तिसरीही गळती असते : नोझलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या खालच्या तोंडाच्या, टोकातून सिलिंडरमध्ये थेंब-थेंब. तिला धूर येतो, इंजिन ठोकतं, ऑइलची पातळी चढते आणि ऑइलला डिझेलचा वास लागतो. ती इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासायच्या मशीनवरच, नीट दिसते. (घरी पाना घेऊन बसणाऱ्यांसाठी : चालू इंजिनचा प्रेशर पाइप सैल करू नका. आत हजार बारच्या वर प्रेशर असू शकतं, धार कातडीतून आत शिरते.)

मग चाचांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवून इंजेक्टर पुसले आणि चष्मा वर करून बघत राहिले. "आवो, ह्यो तर माझाच नंबर हाय." टेस्टिंगला आलेल्या प्रत्येक इंजेक्टरवर ते मशीनने बारीक अक्षरांत जॉब नंबर कोरतात. जुनं रजिस्टर काढलं. गाडीचा नंबर आणि जॉब नंबर समोरासमोर लिहिलेले. पहिला, दुसरा, चौथा माझेच जुने. तिसऱ्यावर चाचांचा नंबर नव्हता. प्रत्येक इंजेक्टरचा कंपनीचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो; मग स्कॅनर लावून बघितलं, तर तिसऱ्याच्या डोक्यावरचा कोडही त्याच्याशी जुळत नव्हता. बाकी तिघांचे जुळले.

म्हणजे नवीन एकही नाही. चार वॉशर बदलले, माझा एक चांगला इंजेक्टर काढून घेतला आणि कुणाच्या तरी गाडीचा झिजलेला माझ्यात बसवला. नुसते पैसे उकळले असते तर एक वेळ समजलं असतं. चालती गाडी बिघडवून वर बॅटरीही विकली, याचा राग जास्त आहे.

गॅरेजवर गेलो तेव्हा आधी आवाज चढला, मग "पोरानं चुकून घातला असंल" झालं. चिठ्ठी, यूपीआयची नोंद, बाटल्यांचा व्हिडिओ आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवल्यावर २०,००० परत केले. राहिलेल्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. घटनेपासून २ वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

ज्यांची गाडी सध्या गॅरेजात आहे त्यांनी आजच जाऊन इंजेक्टरच्या डोक्यावरच्या कोडचे फोटो काढून ठेवा, आणि नवीन टाकणार असतील तर डबे आपल्यासमोर फोडायला लावा. डबा आणि इंजेक्टर यांच्यावरचे नंबर जुळवून बघा, जीएसटीचं बिल घ्या. रिटर्न टेस्टला फार वेळ लागत नाही, ती करायला जो टाळाटाळ करेल तिथून गाडी काढा.

माझा तिसरा इंजेक्टर अजून बेपत्ता आहे. सांगली-मिरज भागात नुकताच 'नवीन' इंजेक्टर बसवून घेतला असेल, तर एकदा पुसून बघा. बाजूला मशीनने बारीक कोरलेला नंबर दिसला तर मला कळवा. रजिस्टर चाचांकडे आहे.