यूएसबी ऑडिओ इंटरफेस, दिवाळी ते पावसाळा: माइकचा डिले गेला का?

गेला. पण ज्या ड्रायव्हरसाठी एवढा खटाटोप करून डबा घेतला त्याच्यामुळे नाही, तर पुढच्या बाजूला असलेल्या एका बटणामुळे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. डबा म्हणजे दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा, दहा हजारांच्या आतला. कंपनी लिहीत नाही कारण या किमतीत सगळे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत आणि मग खाली त्यावरूनच भांडणं होतात.

आमचा सेटअप असा की पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटमधली आतली खोली, विंडोज लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि गाणार माझी आत्या. ती सुगम शिकवते, विद्यार्थ्यांना ठेक्यावर गाऊन पाठवायचं असतं. आधी माइक थेट लॅपटॉपच्या भोकात होता आणि तिची एकच तक्रार, "अरे मी सा लावते आणि मागून अजून कोणीतरी सा लावतंय." तानपुऱ्यावर आलाप असला की ते चालून जायचं, पण द्रुत दादरा लावला की संपलं. हिशोब करा ना, मिनिटाला २४० मात्रा म्हणजे एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, आणि साध्या ड्रायव्हरवर आवाज कानात परत यायला दीडशे मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे अर्ध्या मात्रेच्याही वर. सम हातावर एक आणि कानात दुसरी, गाणारा गाणार कसा.

इथे एक गोष्ट कळायला मला बरेच व्हिडिओ बघावे लागले. डिले दोन असतात. एक गाताना कानात येतो तो, आणि दुसरा म्हणजे रेकॉर्ड झालेला टेक ठेक्याच्या मागे जाऊन बसतो तो. दोघांची औषधं वेगळी आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

पहिल्याचं बघू. सगळे सांगतात बफर कमी करा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे नमुने (सॅम्पल) साठवून मग पुढे पाठवतो तो साठा. बरोबरच आहे, ४४१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) ५१२ चा बफर म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद आणि १२८ चा म्हणजे २.९, पण हे एका बाजूचं झालं. आवाज आत येणार, बाहेर जाणार, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचा थोडा राखीव वेळ, त्यामुळे १२८ वर सुद्धा माझ्याकडे रीपरच्या वरच्या कोपऱ्यातले दोन्ही आकडे मिळून बारा-तेराच्या आसपास जातात. त्यासाठी डब्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर हवा, म्हणजे विंडोजचा नेहमीचा आवाजाचा रस्ता टाळून थेट डब्याशी बोलणारा. एएसआयओफॉरऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला थर आहे, काहीच नसेल तेव्हा ठीक.

आता बारा मिलिसेकंदात आवाज चार मीटर जातो, खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या तबलजीइतकं अंतर. पेटी वाजवताना मला ते जाणवत पण नाही. पण गाणाऱ्याचा आवाज हाडांतून त्याला त्याच क्षणी ऐकू येत असतो, त्यात हा बारा मिलिसेकंद उशिराचा मिसळला की आवाज पोकळ होतो. आत्या म्हणाली, "उशीर नाही रे वाटत, पण हा माझा आवाज नाही." बफर ६४ वर नेला तर कडकड सुरू, लॅपटॉपला झेपेना.

मग ते बटण. डायरेक्ट मॉनिटर. दाबलं की माइकचा आवाज रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरकडे जातो, पण कानात यायला तिथून फिरून येत नाही, डब्यातूनच सरळ हेडफोनमध्ये येतो आणि ठेका कॉम्प्युटरकडून येऊन त्यात मिसळतो. बफर १०२४ ठेवा नाहीतर काहीही ठेवा, कानाला फरक नाही. फक्त रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करायचं, नाहीतर दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतात आणि लोक डब्याला शिव्या घालतात.

यात एक गोची आहे, आवाज एकदम कोरडा येतो, रिव्हर्ब नाही काही नाही. सुगम गाणाऱ्या माणसाला थोडी गूंज लागतेच, त्याशिवाय आत्याचा सूर चढायला लागतो. त्यावरची युक्ती मला फार आवडली. मॉनिटरिंग चालू ठेवायचं, पण ट्रॅकवर रिव्हर्ब टाकून त्यातला मूळ आवाज पूर्ण शून्य करायचा, फक्त गूंज सोडायची. कोरडा आवाज डब्यातून ताबडतोब येतो आणि गूंज दहा-वीस मिलिसेकंद उशिरा आली तरी बिघडत नाही, खऱ्या खोलीतही ती उशिराच येते. टेकमध्ये रिव्हर्ब छापला जात नाही ते वेगळंच. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून बाहेर जातात तिथे, मात्र लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्यू असले इफेक्ट ठेवू नका, ते स्वतःच पुढचं बघायला थांबतात आणि मॉनिटरिंगला मागे ओढतात.

दुसऱ्या डिलेसाठी एक छोटी केबल लागते, तापकीर गल्लीत मिळाली. डब्याच्या आउटपुटमधून काढून इनपुटमध्ये लावायची (डायरेक्ट मॉनिटर बंद करून, स्पीकर पण बंद), मेट्रोनोमची टिकटिक एका ट्रॅकवरून वाजवायची आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करायची, मग झूम करून दोन टोकांमधलं अंतर मोजायचं. ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी (म्हणजे हाच डिले) रीपर आपोआप वजा करतो, तरी माझ्याकडे साठ-सत्तर सॅम्पल उरले, म्हणजे दीड मिलिसेकंद. ते रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मॅन्युअल ऑफसेटला टाकले, पुन्हा मोजलं, टोकाला टोक. ऑडॅसिटी हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पण हे करावं, तिथे -१३० मिलिसेकंद असा अंदाजे आकडा आधीच भरलेला असतो, तो तुमच्या मशीनचा नाही.

आता तक्रारी. डायरेक्ट मॉनिटर स्टिरिओवर असला की एका इनपुटचा आवाज फक्त डाव्या कानात येतो, मोनो (दोन्ही कानांत सारखा) करायचं बटण वेगळं आणि मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलंय. हेडफोनचा आवाज कमी पडतो. गुरुवारी लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जाऊन वीज वाचवायला लागतो आणि १२८ वर लगेच कडकड, तेव्हा पॉवर प्लॅन दोन्हीकडे हाय परफॉर्मन्स करून ठेवा. गंमत म्हणजे बॅटरीवर असताना मागची घूं मात्र जाते, म्हणजे आमच्या सॉकेटचं अर्थिंग बघायला हवं. लेटन्सीमॉन, म्हणजे कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवून बघितलं तर वायफायचा ड्रायव्हर लाल दाखवत होता, रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद केलं आणि उरलेली कडकड पण गेली. सॅम्पल रेटचा त्रास अधूनमधून होतो, दुसरं काही वाजवलं की रेट ४८००० वर जातो आणि ४४१०० चा ठेका तयार असताना सगळं अडतं.

आणि गणपतीच्या आधी ढोलपथकांचे सराव सुरू झाले की कंडेन्सर माइक (लांबचे बारीक आवाजही पकडणारा) अख्खं नदीपात्र घरात आणतो, त्यावर कुठल्याच डब्याचा इलाज नाही. आम्ही तेवढे दिवस डायनॅमिक माइक, जो मुख्यतः जवळचंच पकडतो, तोंडाशी धरतो.

घ्यायचा असेल तर बिट-डेप्थ आणि लाइटी नका बघू, डायरेक्ट मॉनिटर आहे का, मोनो होतो का, आणि त्याचा आवाज व ठेका यांचं प्रमाण बदलायला नॉब आहे का हे विचारा. आमच्याकडे नुसतं बटण आहे, त्यामुळे आत्याला स्वतःचा आवाज कमी हवा असेल तर मला रीपरमध्ये ठेका वाढवावा लागतो. यूएसबी माइकच वापरत असाल तर त्याच्या बुडाशी हेडफोनचं भोक आहे का ते आधी बघा, असेल तर बहुतेक हेच काम तिथेच होतं आणि डब्याचे पैसे वाचतील. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून डिलेची तक्रार करू नका राव, ते स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात.