वाहत्या रक्तातील कर्कपेशींचा शोध: प्रतिदीप्ती की प्रकाशध्वनी?

रक्त न काढता, ते वाहत असतानाच त्यातील कर्कपेशी ओळखण्याच्या दोन पद्धतींची येथे तुलना केली आहे. प्रतिदीप्ती पद्धतीत पेशींना आधी चमकणारे रंगद्रव्य जोडतात आणि लेझरचा झोत ओलांडताना ती प्रत्येक पेशी क्षणभर उजळते. उंदराच्या कानातील रक्तवाहिन्यांवर ही पद्धत उत्तम चालते. योग्य खूण, म्हणजे पेशीला जोडायचे रंगद्रव्य, निवडली की अनेक प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखता येतात. मात्र असे रंगद्रव्य माणसाच्या रक्तात सोडणे सुरक्षित आहे, हे सिद्ध करणे कठीण आहे.

प्रकाशध्वनी पद्धतीला, किमान मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात, अशी खूणच लागत नाही. पेशीतील मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, लेझरचे स्पंद शोषून किंचित तापते, प्रसरण पावते आणि त्यातून उठलेली श्रवणातीत लहर त्वचेवरील संवेदक टिपतो. अमेरिकेच्या अर्कान्सास राज्यातील संशोधक व्लादिमिर झारोव यांच्या गटाने २०१९ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळीतल्या काही मिलिलिटर रक्ताऐवजी कितीतरी अधिक रक्त तपासता येते, हा मला निर्णायक लाभ वाटतो, कारण या पेशी अतिशय विरळ असतात. स्तनाच्या कर्करोगातील पेशींत मात्र मेलॅनिन नसते आणि भोवतीचे हिमोग्लोबिनही प्रकाश शोषते. तेथे या पद्धतीलाही बाहेरून खूण द्यावी लागते.