रिटर्न स्वतः भरावे की भरून घ्यावे? सरकारी पोर्टल, ऑनलाइन कंपनी आणि मोंढ्यातला सल्लागार

जून महिन्यात फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) हातात पडला की आमच्या परभणीत दरवर्षी तोच प्रश्न निघतो: आयकराचे रिटर्न सरकारी पोर्टलवर स्वतः फुकट भरावे, की कोणाला तरी पैसे देऊन भरून घ्यावे? भरून घेण्याचे पुन्हा दोन प्रकार आहेत. एक म्हणजे मोबाइलवर जाहिरात करणाऱ्या ऑनलाइन कंपन्या आणि दुसरा म्हणजे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, किंवा स्टेशन रोडला बसणारा कर सल्लागार अथवा सीए. या तिन्हींची तुलना बहुतेक जण फीवरून करतात. फीचा फरक खराच आहे, पण तो वर्षाला काही शेकड्यांचा किंवा फार तर दोन-तीन हजारांचा असतो, आणि चुकीच्या अर्जामुळे अथवा न पाहिलेल्या नोटिशीमुळे होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे ठरते. म्हणून मी ही तुलना दोन प्रश्नांवर करणार आहे: आपले उत्पन्न नेमके कशाचे आहे, आणि पोर्टलचा पासवर्ड व ओटीपी कोणाच्या हातात राहणार आहे.

सध्याचे सरकारी पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. इन्फोसिसने बनवलेले हे पोर्टल पहिले काही महिने इतके अडखळत होते की त्या वर्षी अनेकांनी कायमची धास्ती घेतली आणि ती अजून गेलेली नाही. आजची स्थिती बरीच निराळी आहे. पगार, निवृत्तिवेतन, बँकेचे व्याज आणि टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापलेला कर, यांचे आकडे अर्जात आधीच भरलेले येतात. करदात्याने ते फॉर्म १६, २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, यांच्याशी ताडून पाहायचे असतात. यासाठी सरकार एक पैसाही घेत नाही. अमेरिकेत अशी सरकारी मोफत सोय २०२४ साली १२ राज्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, २०२५ मध्ये २५ राज्यांपर्यंत पोहोचली आणि २०२६ च्या हंगामासाठी बंदही करण्यात आली. तिकडच्या करदात्यांना ज्यासाठी भांडावे लागते ते आपल्याकडे केव्हाचे उपलब्ध आहे, तरी आपण पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेतो, ही गंमतच आहे.

पोर्टल कोणाला पुरेसे आहे, हे ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ या अर्जाच्या अटींवरून ठरते. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असावे, ते पगार, निवृत्तिवेतन, व्याज अशा साध्या स्रोतांचे असावे आणि शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर नसावे. शेअर अथवा इक्विटी म्युच्युअल फंडाचा दीर्घकालीन नफा १.२५ लाखांपर्यंत असेल, तर आकारणी वर्ष २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ चे उत्पन्न) पासून तोही याच अर्जात दाखवता येतो. जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा वाहक, पोलीस शिपाई, महावितरणचा तंत्रज्ञ किंवा निवृत्त तलाठी यांच्यापैकी ज्याला पगार-पेन्शन आणि बँकेतील ठेव याखेरीज काही नाही, त्याने यासाठी कोणालाही फी द्यावी असे मला वाटत नाही. पहिल्या वर्षी दोन तास लागतील, दुसऱ्या वर्षी अर्धा. आधार ओटीपीने तीस दिवसांच्या आत पडताळणी केली की काम संपते. ही पडताळणी राहिली तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते आणि दरवर्षी कितीतरी लोक येथेच चुकतात.

आधीच भरलेले आकडे मात्र पूर्ण असतात असे समजू नये. पतसंस्थेतील ठेवीचे व्याज एआयएसमध्ये दिसेलच असे नाही. ते दिसले नाही तरी दाखवावे लागते. उलट दिशेची अडचण माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली आहे. एका कार्यालयाने माझ्या पगारातून कर कापला, पण तिमाही टीडीएस विवरण वेळेवर भरले नाही, त्यामुळे २६एएसमध्ये ती रक्कम दिसेना. त्या वेळी मी एका ऑनलाइन कंपनीला पैसे भरले होते. तेथील तज्ज्ञाने मला फोनवर सांगितले की कार्यालयात जाऊन विवरण भरायला लावा. ते मला चहाच्या टपरीवरही सांगितले गेले असते.

यातून ऑनलाइन कंपन्यांविषयीचा मुख्य मुद्दा लक्षात येतो. त्या आपले रिटर्न शेवटी त्याच सरकारी पोर्टलवर पाठवतात आणि त्यावरची प्रक्रिया आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या त्याच केंद्रात होते. त्यामुळे फी भरल्याने रिफंड लवकर येतो, हा समज चुकीचा आहे. त्यांचा खरा उपयोग एका ठिकाणी आहे: ज्याने वर्षभरात शेअरची शंभर-दोनशे खरेदी-विक्री केली आहे, त्याच्या ब्रोकरचे विवरण त्या थेट ओढून घेतात आणि अल्पकालीन व दीर्घकालीन नफ्याची विभागणी करून देतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्र्यात नोकरी करून डीमॅट खाते चालवणाऱ्या तरुणांना यासाठी पैसे देणे परवडते. फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअर बाजारातले वायद्याचे व्यवहार) केले असतील तर ते व्यवसायाचे उत्पन्न होते, अर्ज आयटीआर-३ लागतो आणि मग फीही त्याच पटीत वाढते. ‘मोफत भरा’ म्हणून सुरुवात करून अर्ध्या वाटेवर भांडवली नफ्याचा आकडा टाकताच सशुल्क योजना पुढे करणे, ही या व्यवसायाची नेहमीची रीत आहे. नोटीस आली तर उत्तर देणे त्या फीत धरलेले आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

शेती असलेल्या नोकरदाराचा प्रश्न या सर्वांहून वेगळा आहे आणि मराठवाड्यात तोच सर्वाधिक लोकांचा आहे. लातूरच्या महाविद्यालयात लिपिक असलेल्या गृहस्थांची औशाजवळ सहा एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तूर घेतात, खर्च वजा जाता लाखभर रुपये हाती राहतात, असे समजू. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून ते दाखवण्याची गरज नाही, असे मानून ही मंडळी वर्षानुवर्षे ‘सहज’ भरतात. प्रत्यक्षात शेतीचे उत्पन्न पाच हजारांच्या वर गेले की त्यांचा अर्ज आयटीआर-२ होतो. तसेच हे उत्पन्न करमुक्त असले तरी उरलेल्या उत्पन्नावर कोणत्या दराने कर लावायचा हे ठरवताना ते मोजले जाते, म्हणून पगारदाराच्या करात त्यामुळे भर पडू शकते. शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की बटईची, बागायत की कोरडवाहू, हेही भरावे लागते. तेव्हा सातबारा आणि आडतीच्या पट्ट्या, म्हणजे आडत्याकडे माल विकल्याच्या पावत्या, जपून ठेवाव्यात. दुधाची विक्री शेतीच्या उत्पन्नात बसत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. आयटीआर-२ पोर्टलवर फुकट भरता येतो आणि ज्याचा हिशेब साधा आहे त्याला तो जमतो, परंतु पहिल्या वर्षी जाणत्या माणसाला पैसे देऊन समोर बसून भरून घ्यावा आणि पुढच्या वर्षी त्याच नमुन्यावरून स्वतः भरावा, असा माझा सल्ला आहे. दूरच्या शहरातल्या ऑनलाइन तज्ज्ञाला आडतीची पट्टी काय असते हे समजावून सांगण्यातच अर्धा फोन जातो.

दुकानदारांसाठी आणि गुत्तेदारांसाठी (कंत्राटदारांसाठी) ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ आहे. आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ८ टक्के, अथवा बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा दाखवला की वह्यांची कटकट राहत नाही. ट्रकमालकांना कलम ४४एई लागू आहे. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो. येथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की दुकानदाराला पाच हजारांच्या वर शेतीचे उत्पन्न असेल तर ‘सुगम’ चालत नाही, आयटीआर-३ लागतो. दुसरा मोंढ्यातल्या आडत्यांचा. आडत ही दलाली आहे आणि दलालीचे उत्पन्न असणाऱ्याला कलम ४४एडीची सवलतच नाही. पोर्टलवर बसून ‘सुगम’ निवडणारा आडत्या अर्ज व्यवस्थित भरतो, पण चुकीचा भरतो, आणि पोर्टल त्याला प्रत्येक वेळी अडवेलच असे नाही. व्यापाऱ्याने, आडत्याने आणि जीएसटी भरणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक सीए गाठावा, यात मला शंका नाही.

जमीन विकली असेल तर प्रश्नच उरत नाही, सीएकडेच जावे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत मोडत नाही, पण ग्रामीण कशाला म्हणायचे याची मोजपट्टी आहे: नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत, लोकसंख्येनुसार २, ६ किंवा ८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे छत्रपती संभाजीनगरला ८, लातूर-नांदेड-परभणीला ६ आणि हिंगोलीला २ किलोमीटर लागू होतात. त्या अंतराच्या अलीकडे जमीन निघाली तर भांडवली नफा मोजावा लागतो, आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन कलम ५४बीची सूट मिळवायची असेल तर तारखा सांभाळाव्या लागतात. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत समृद्धी महामार्गाला जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्यावर कर लागतो का, हा प्रश्न घरोघर होता. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील मोबदला करमुक्त आहे, पण न्यायालयाने वाढवून दिलेल्या मोबदल्यावरील व्याज आयकर खाते करपात्र धरते. एवढ्या रकमेवर दोन-पाच हजारांची फी वाचवणे शहाणपणाचे नाही.

पगारातील फरकाची थकबाकी एकदम मिळाली असेल तर कलम ८९ ची सवलत (मागील वर्षांची रक्कम एकाच वर्षात आल्याने पडणारा जादा कर कमी करणारी) घेण्यासाठी आधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो, मग रिटर्न. तोही फुकट आहे. सल्लागाराकडून भरून घेणाऱ्या शिक्षकांचाच हा फॉर्म अधिक राहिलेला मी पाहिला आहे, कारण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दिवसाला साठ-सत्तर रिटर्न भरणाऱ्याला फरकाचा तक्ता उघडायला वेळ नसतो.

सल्लागारांच्या बाबतीत याहून गंभीर अशी एक गोष्ट सांगायला हवी. फीऐवजी रिफंडमध्ये टक्केवारी मागणारे काही जण असतात. ते न दिलेल्या राजकीय देणग्या, नसलेले घरभाडे आणि न झालेले आजारपण दाखवून टीडीएस परत मिळवून देतात. माझ्या नात्यातील एका शिक्षकांना असाच रिफंड मिळाला. दोन वर्षांनी नोटीस आली तेव्हा त्या सल्लागाराने फोन उचलणे बंद केले. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा दाव्यांविरुद्ध देशभर मोहीम उघडली आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे सांगितले. खोट्या माहितीसाठी बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि अर्ज कोणीही भरला असला तरी जबाबदारी करदात्याचीच असते. ज्याचे मानधन आपल्या रिफंडवर ठरते, त्याच्याकडे मी पाऊल ठेवणार नाही.

प्रामाणिक सल्लागाराकडेही एक सवय सर्रास दिसते: पोर्टलवर स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल नोंदवायचा, पासवर्ड आपल्याच वहीत ठेवायचा. त्याला ते सोयीचे असते आणि आपल्यालाही वर्षभर बरे वाटते. अर्ज सदोष ठरला तर उत्तर देण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. तो संदेश त्याच्या फोनवर शंभर इतर संदेशांत बुडून गेला तर आपल्याला काही कळत नाही. म्हणून फी कोणालाही द्या, पण संपर्कात आपला क्रमांक ठेवा आणि काम झाल्यावर रिटर्नची प्रत व उत्पन्नाचा हिशेब कागदावर मागून घ्या. कर्जाच्या वेळी बँक सीएच्या सहीचा तो हिशेब मागते, हे सल्लागाराकडे जाण्याचे एक रास्त कारण आहे. तेवढ्यासाठी जात असाल तर तसे आधीच सांगून फी ठरवावी.

तीन मार्गांपैकी कोणताही निवडला तरी मुदत तीच असते. पगारदारांसाठी ती एरवी ३१ जुलै आहे. २०२५ साली ती आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली, म्हणून दरवर्षी वाढेल असे धरून बसू नये. उशीर झाला तर एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असलेल्यास १,००० आणि त्यावर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि केवळ पेन्शन व त्याच बँकेतील व्याज असलेल्या ज्येष्ठांना, बँकेत घोषणापत्र दिल्यास, रिटर्न भरण्यापासूनच सूट आहे. बँक ठरावीक असावी लागते, एवढे शाखेत जाऊन विचारून घ्यावे.