विणकामाचं पहिलं सामान: आठ-नऊ महिने वापरल्यावर काय टिकलं, काय नाही

मागच्या दिवाळीत विणायला घेतलं. तेव्हापासून परभणीची थंडी, मग उन्हाळा आणि आता पावसाळा, अशा तिन्ही ऋतूंत सुया हातात आहेत. मफलर झाला, दोन टोपरी झाली, भाच्याचा बिनबाह्यांचा स्वेटर झाला. ओळखीच्या बायका-मुली विचारतात की सुरुवातीला काय काय घ्यायचं. माझं उत्तर आता पक्कं आहे. टाके घट्ट धरून ठेवणारी सुई आणि टाके डोळ्यांना दिसतील अशी लोकर, या दोनच गोष्टींवर पैसे खर्च करा. बाकीचं बरंचसं शिवणाच्या डब्यात निघतं.

आधी सुयांचं सांगते. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्याच सुया मिळतात. स्वस्त असतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि हात बसलेल्या बाईला त्यांच्यावर भराभर विणता येतं. पण नवीन माणसाला तो गुळगुळीतपणाच नडतो. दारावर कुणी आलं म्हणून विणकाम खाली ठेवलं की शेवटचे चार-पाच टाके घरंगळून बाहेर. सुटलेला टाका खालच्या ओळींतून उचलणं पहिल्या महिन्यात कुणालाच जमत नाही, आणि तिथेच पुष्कळ जणींचं विणकाम कपाटात जातं. बांबूच्या सुईवर धागा थोडा अडतो, त्यामुळे टाके जागेवर राहतात. मे महिन्यात तर फरक फारच जाणवला. तळहाताला घाम आला की अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम लोकरीचा, धागा चिकटल्यासारखा होतो, ओढून ओढून टाके आवळले जातात. बांबूवर तो त्रास पुष्कळ कमी.

बांबूतही दोष आहेत. माझ्या एका सुईच्या टोकाला उन्हाळ्यात बारीक कुसळ निघालं आणि ते प्रत्येक टाक्यात अडकायला लागलं. बारीक पॉलिश पेपरने घासून वरून मेणबत्तीचं मेण चोळलं, फडक्याने पुसलं, तेव्हापासून ठीक आहे. 3 मिलिमीटरच्या खालची बांबूची सुई मात्र घेऊ नका, वाकते. प्लास्टिकच्या सुयांबद्दल एवढंच, की साच्याची बारीक रेघ अंगावर राहिलेली असते आणि धाग्याचे तंतू तिच्यात अडकतात. नको.

नंबर सांगताना नीट लक्ष द्या. आपल्या दुकानांत जुनी ब्रिटिश मोजणी चालते. तिच्यात आकडा मोठा तशी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेची मोजणी बरोबर उलटी आहे, तिथला 8 नंबर 5 मिलिमीटरचा. त्यामुळे व्हिडिओत बघून ‘8 नंबर’ मागितला की हातात वेगळीच जाडी येते. सरळ मिलिमीटर बघून घ्यायची. पहिली सुई 4 मिलिमीटरची असावी. लांबी 25 सेंटिमीटर पुरते. 35 सेंटिमीटरची सुई खुर्चीच्या हाताला आणि शेजारी बसणाऱ्याला लागते, शिवाय मनगटावर भार येतो.

आता लोकर. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांनी उमेदीत घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणलेत. मी मरून रंगाच्या लडीला हात लावला तसं त्या म्हणाल्या, “फिकी घे बाई, टाके तरी दिसतील. ती गडद नंतर घे.” रात्री ट्यूबलाइटखाली विणायला बसल्यावर याची किंमत कळली. पोपटी, आकाशी, बदामी असे रंग घ्या. काळा, नेव्ही आणि मरून पहिल्या थंडीत टाळा. फुलाफुलांची, केसाळ, मखमली लोकर दुकानात हात लावताच मोह पाडते, पण तिच्यात सुलट टाका कुठला आणि उलट कुठला हे बोटांनाही कळत नाही.

धाग्याचा पीळ बघायला मात्र कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. पीळ सैल असला की सुईचं टोक धाग्याच्या मध्येच घुसतं. एका टाक्याचे दोन होतात, आणि ओळ संपल्यावर मोजावं तर 44 चे 46 निघतात. कडा वेडीवाकडी रुंदावत जाते आणि शिकणारीला वाटतं की आपल्यालाच येत नाही. दुकानातच लडीचं टोक चिमटीत धरून उलट्या दिशेने दोन-तीन पीळ द्यायचे. पदर लगेच सुटे होऊन पसरले, तर ती लडी परत ठेवायची.

जाडी मध्यम हवी. जिच्या लेबलावर 4 मिलिमीटरची सुई आणि 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके असं छापलेलं असतं, ती. त्या हिशेबाने 20 सेंटिमीटर रुंदीच्या मफलरला 44 टाके घालायचे. मोठ्या माणसाच्या मफलरला 200 ग्रॅम लोकर लागते, बाळाच्या टोपऱ्याला 50 ग्रॅमही पुरते. मफलर सगळा सुलटच विणा. एक ओळ सुलट, एक उलट असा विणला की त्याच्या कडा आतल्या बाजूला गुंडाळतात. ती सामानाची चूक नसते, त्या विणीचा गुणच तो.

शिकायला अ‍ॅक्रिलिकच बरी. स्वस्त असते, उसवून पुन्हा विणता येते, कसर लागत नाही. अस्सल लोकर बोअरच्या जड पाण्यात साबणाने धुतली की साबण तिच्यात बसतो आणि ती कडक लागते, गरम पाण्यात तर आटून घट्ट होते. पण अ‍ॅक्रिलिक उष्णतेने वितळतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. त्यावर गरम इस्त्री फिरवायची नाही. आणि जानेवारीत पहाटे आपल्याकडे दारोदार शेकोट्या पेटतात, तिथे अ‍ॅक्रिलिकचा मफलर गळ्यात लोंबता ठेवून मुलांना बसवू नका. एका ठिणगीत भोक पडतं आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगड्याला उत्तम, पण तिचा धागा राठ असतो, गळ्याला टोचतो.

मराठवाड्यात राहणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच आहे. इथे लोकर हंगामी. दिवाळीच्या आगेमागे लुधियानाचा माल येतो आणि संक्रांत झाली की दुकानदार तो खोक्यात भरून माळ्यावर टाकतो. फेब्रुवारीत एक लडी कमी पडली म्हणून गेले तर उत्तर मिळालं, “ताई, ह्या शेडची आता दिवाळीलाच येईल.” नंतर छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर त्याच शेड नंबरची लडी मिळाली, पण लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, वेगळा. दुकानात दोन्ही सारख्या दिसल्या, अंगणातल्या उन्हात स्वेटरवर सरळ पट्टा उमटला. तो पट्टा मी खांद्याला घेतला, म्हणजे मुद्दाम केल्यासारखा दिसतो. तुम्ही लेबलावरचा शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही जुळवून, एक लडी जास्तीची, सगळी एकदमच घ्या. न उघडलेली लडी बदलून मिळेल का, हेही तिथेच विचारून ठेवा.

ऑनलाइन मिळणारे ‘बिगिनर किट’ मी मागवले नाहीत, पण जावेने मागवलेला बारकाईने पाहिला. वीस-बावीस वस्तू, त्यात सुयांची टोकं खरबरीत आणि लोकरीचे दहा रंगांचे एवढे-एवढेसे गोळे, ज्यातून एक टोपरंही पुरं होत नाही. सुयांच्या टोकांना लावायच्या रबरी टोप्या, ओळी मोजायचं यंत्र, खुणेच्या कड्या यांच्यासाठी पैसे कशाला? खुणेला वेगळ्या रंगाच्या धाग्याचा फास चालतो, ओळी वहीत रेघा मारून मोजता येतात, टेप शिलाईचाच. विकत घ्यावी अशी एकच बारीक वस्तू, ती म्हणजे मोठ्या नेढ्याची बोथट सुई. टोकं आत ओवायला आणि शिवणी जोडायला तिच्याशिवाय भागत नाही. क्रोशाची एक सुई घरात असेल तर सुटलेला टाका तिने झटकन उचलता येतो.

खर्चाचं म्हणाल तर माझी बांबूची जोडी दीडशेच्या आसपास पडली, मफलरची लोकर त्याहून थोडी जास्त. चारशेच्या आत सगळं बसलं.

पहिला मफलर पुरा झाला की पुढची खरेदी गोल सुईची करा, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन सुयांची. 4 मिलिमीटरचीच, 80 सेंटिमीटर लांबीची. स्वेटरचं सगळं वजन मांडीवर राहतं, मनगटं दुखत नाहीत, आणि सरळ विणकामही तिच्यावर होतं. नवी असताना तिची तार वेटोळं सोडत नाही. मिनिटभर गरम पाण्यात बुडवून सरळ धरली की वळणावर येते. मात्र तार जिथे सुईला जोडलेली असते, त्या सांध्यावर नख फिरवून बघा. नख अडलं तर धागाही अडणार.