अ शॉर्ट हाइक: दीड-दोन तासांचा गेम, पण काय गेम आहे राव!

गेम स्वस्त आहे, छोटा आहे आणि जवळजवळ सगळा एकाच पोराने बनवलाय, एवढं ऐकलं की बरेच जण म्हणतात असेल काहीतरी टाइमपास, आणि पुढे जातात. अ शॉर्ट हाइकच्या बाबतीत असं करू नका प्लीज. गेल्या काही वर्षांत जेवढे गेम खेळलो त्यात मी लोकांना सगळ्यात जास्त रेकमेंड केलेला गेम हाच आहे, गेम खेळणाऱ्यांना पण आणि आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न घेतलेल्यांना पण.

स्टोरी अगदी साधी आहे. क्लेअर नावाची एक पक्षी-मुलगी सुट्टीत तिच्या मे आँटीकडे आलीये, एका बेटावरच्या हॉक पीक प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये, आँटी तिथे रेंजर आहे. क्लेअरला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायचीये पण तिथे रेंजच नाही, रेंज मिळते फक्त डोंगराच्या टोकावर. मग काय, चढा. बस एवढंच. फोन कसला ते मी सांगणार नाही, ते वर पोचल्यावरच कळायला पाहिजे.

आता चढायचं कसं, तर सोनेरी पिसं गोळा करायची. एक पीस म्हणजे हवेत एक जास्तीची उडी, आणि कड्याला चिकटून वर चढत असाल तर तेवढा जास्त दम. पायाखाली जमीन आली की पिसं परत भरतात. पूर्ण गेममध्ये अशी 20 पिसं आहेत पण टोकाला पोचायला सात-आठ पुरतात, म्हणजे बाकीची शोधायची की नाही ते तुम्ही ठरवा, गेम कधी मागे लागत नाही. वर बर्फात गेलात की थंडीने पिसं गोठतात आणि ज्या कड्यावर आत्तापर्यंत सहज चढत होता तिथे अचानक धाप लागायला लागते, मला हा भाग फार आवडला कारण शेवटचा टप्पा खरंच कमावल्यासारखा वाटतो. आणि उतरणं तर चढण्यापेक्षा भारी, कारण क्लेअर पंख पसरून तरंगू शकते, कुठल्याही कड्यावरून उडी मारायची आणि आख्खं बेट खाली बघत बघत समुद्रापर्यंत यायचं. पडलात तरी मरत नाही, लाइफ जात नाही, गेम ओव्हर वगैरे भानगडच नाही. पडलात तर पडलात, जिथे पडाल तिथे पण काहीतरी सापडतंच.

माझं एकच सांगणं आहे, सरळ वर जाऊ नका. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, गडावर पोचण्याइतकीच मजा वाटेतल्या टाक्यात, पडक्या दरवाजात आणि भेटणाऱ्या माणसांत असते, इथे पण तेच आहे. वाटेत शर्यत लावणारा भेटतो, शिंपले गोळा करणारं पोर भेटतं, वाळूचा किल्ला बांधणारा बेडूक भेटतो, मासेमारी शिकवणारा भेटतो, किनाऱ्यावर काठीने बॉल टोलवत ठेवायचा एक खेळ आहे त्यात तर मी नको एवढा रमलो. कोणी लंबेचवडे डायलॉग मारत नाही, दोन-चार वाक्यं बोलतात आणि तेवढ्यात तो माणूस (म्हणजे प्राणी) कसा आहे ते कळतं. डोंगराला घाबरलेले आहेत, स्वतःवर भरवसा नसलेले आहेत, आणि क्लेअर पण काही हिरो नाही, तिला मुळात इथे यायचंच नव्हतं. इंग्लिश पण सोपं आहे, शाळेतल्या मुलांना सहज झेपेल.

ग्राफिक्स बघून काही लोक नाक मुरडतात, कारण मुद्दाम जाडे जाडे पिक्सेल (चित्रातले चौकोनी ठिपके) ठेवलेत, निन्टेन्डो डीएस या जुन्या हातात धरायच्या कन्सोलसारखे. पहिली काही मिनिटं मलाही डोळ्यांना टोचलं, मग सवय झाली आणि आता मला तो गेम दुसऱ्या कुठल्या रूपात बघवणार नाही. नाहीच जमलं तर सेटिंगमध्ये पिक्सेलचा साइज कमी करता येतो. म्युझिक मार्क स्पार्लिंगचं आहे आणि ते तुम्ही कुठे आहात त्याप्रमाणे बदलत राहतं, वाद्यं हळूच वाढतात, हळूच कमी होतात, गाणं तुटल्याचं कुठे जाणवत नाही. हेडफोन लावूनच खेळा.

बनवणारा अ‍ॅडम रॉबिन्सन-यू, कॅनडाचा तरुण डेव्हलपर. दुसरा एक मोठा गेम करत होता तो बाजूला ठेवला आणि थोड्याच महिन्यांत हा बनवला, 2019 मध्ये आला. 2020 मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं (छोट्या, स्वतंत्र डेव्हलपर्सच्या गेम्सची स्पर्धा) सगळ्यात मोठं बक्षीस, शिवाय ऑडियन्स अवॉर्ड. ज्यांना स्वतः गेम बनवायचेत अशा आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनी तर हा अभ्यास म्हणून खेळावा. बेट छोटंसंच आहे पण कुठेही उभं राहिलं तरी अजून दोन-तीन जागा खुणावतात, आणि हे महागड्या टेक्नॉलॉजीने झालेलं नाही, कुठली वस्तू कुठून दिसेल याचा नीट विचार केलाय म्हणून झालंय.

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो. कॅमेरा स्वतःला हवा तसा फिरवता येत नाही, त्यामुळे काही ठिकाणी उडीचा अंदाज चुकतो. मॅप नाही, त्यामुळे एखाद्याने काम सांगितलं आणि तुम्ही भटकून परत आलात की तो नक्की कुठे होता ते शोधत बसावं लागतं, किमान भेटलेल्या लोकांची एखादी यादी तरी हवी होती. सगळे मासे पकडायच्या नादी लागलात तर ते कंटाळवाणं होतं. कीबोर्डवर चालतो पण गेमपॅड असेल तर तोच घ्या, तरंगायची मजा त्यातच आहे.

किंमत स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) 7.99 डॉलर, भारतात रुपयात दिसते, सेलमध्ये अजून कमी होते. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण नीट चालला. स्विच, पीएस 4 आणि एक्सबॉक्स या कन्सोलवर पण आहे. दीड-दोन तासांसाठी एवढे पैसे कशाला असं विचारणारे भेटतात, त्यांना मी हेच म्हणतो की साठ तासांच्या गेममधले चाळीस तास नुसती तीच तीच कामं असतात, इथे एक मिनिट पण भरतीचं नाही. आणि फोन येऊन गेला की लगेच बंद करू नका, खाली आँटीकडे जाऊन तिच्याशी बोला, गेम तिथे संपतो. क्रेडिट्सनंतर परत बेटावर फिरता येतं, राहिलेली पिसं तेव्हा शोधा.