मराठी विकिपीडियावर सात महिने: संपादनापेक्षा ‘इतिहास’ बरा

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. सुट्टीत आलेल्या भाच्यानं विचारलं, “मामा, ही लेणी खरंच पांडवांनी खोदली?” उत्तर शोधायला मराठी विकिपीडिया उघडला आणि वाटलं, आपणही एखादी ओळ घालावी. खातं काढलं, त्याला आता सात महिने झाले.

पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे धूळपाटी. सरावाच्या पानाला हे नाव ज्यानं दिलं त्याला नमस्कार. इथं कितीही गिरवा, पुसा, कोणी हसत नाही. टायपिंगला अक्षरांतरण आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं; कंट्रोल-एम दाबलं की चालू-बंद होतं. ‘ऱ्या’ उमटवायला मात्र मला दोन दिवस लागले.

आता माझी फजिती. शाळेच्या सहलीच्या आठवणीवर भिस्त ठेवून मी ठोकून दिलं, की दहा क्रमांकाचं लेणं सातवाहन राणी गौतमी बलश्रीनं दान दिलं. संध्याकाळी पाहतो तर ओळ गायब. संपादनाच्या सारांशात, म्हणजे बदलासोबत लिहायच्या छोट्या नोंदीत, एकच शब्द: ‘संदर्भ?’ मी तणतणलो. बायको म्हणाली, “जाऊन बघून या की, डोंगर काय पळून चाललाय?” रविवारी पायऱ्या चढलो. शिलालेखांची ब्राह्मी लिपी मला वाचता येत नाही, म्हणून नंतर सार्वजनिक वाचनालयात जाऊन पुस्तक काढलं. दहावं लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. गौतमी बलश्रीचं तिसरं. तिथला शिलालेख तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षाचा. शिलालेखांत डोंगराचं नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी. पांडवांचा संबंध नावापुरताच. भाच्याला उत्तर मिळालं, आणि मला अद्दल.

तेव्हापासून मी ‘इतिहास’ हे बटण आधी दाबतो. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते सगळं तिथं राहतं. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो. चूक झालीच तर बदल उलटवता येतो, त्यामुळे हात कापायचे थांबले. नुसतं वाचणाऱ्यानंही हे बटण वापरावं. एखाद्या वाक्यावरून किती ओढाताण झाली आहे ते कळलं, की त्या वाक्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

निरीक्षणसूचीचं, म्हणजे निवडलेल्या पानांवरचे बदल दाखवणाऱ्या यादीचं, मला व्यसनच लागलं होतं. चाळीस पानं घातली होती, जेवताना मोबाइल हातात. आता नऊच ठेवली आहेत.

चर्चापान (प्रत्येक लेखाबद्दल बोलायचं पान) आणि चावडीवर (सगळ्यांच्या सामाईक चर्चेचं पान) लिहिलं की शेवटी चार नागमोडी चिन्हं (~~~~) टाकायची, सही आणि वेळ आपोआप उमटते. मी हमखास विसरतो. माझ्या चुकीबद्दल चर्चापानावर दिलगिरी लिहिली, तर उत्तर आलं तेही ‘तुम्ही’ म्हणूनच. पण गप्पा मारायच्या असतील तर इथं करमणार नाही. बोलायचं ते लेखाबद्दलच. नावाची हौस असलेल्यांचंही अवघड आहे. लेखाखाली लेखकाचं नाव येत नाही, ते इतिहासात शोधावं लागतं. लेण्यांचे फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यावर, चढवले तेव्हा मित्र म्हणाला, “कोणीही फुकट वापरणार, वर धंदाही करणार!” परवानाच तसा आहे, श्रेय मात्र द्यावं लागतं. मला चालतं. त्याला चालणार नाही, म्हणून त्यानं चढवू नयेत.

फोनवर तक्ते बनवणं माझ्याच्यानं होत नाही. ते काम संगणकावर, रात्री.

गेल्या आठवड्यात सूचीत एक बदल दिसला: कोणीतरी ‘उषवदात’चं ‘ऋषभदत्त’ केलं होतं. बोट ‘उलटवा’वर गेलंच होतं. मग आठवलं, ते त्याच नावाचं संस्कृत रूप. बटण सोडलं आणि चर्चापानावर विचारलं, शिलालेखातलं रूप ठेवावं की संस्कृत? सही करायला या वेळी विसरलो नाही. उत्तराची वाट पाहतोय.