शिंपल्याचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम: सँगर, इल्युमिना की नॅनोपोर?

गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा, समजा मोतीशेतीवाल्यांच्या ओळखीच्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिसचा, मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए, वाचून काढायचा तर सगळे आधी डीएनए वाचणाऱ्या मशीनचीच चौकशी करतात. माझं मत, आधी ऊतक, म्हणजे शरीराचा कोणता भाग घ्यायचा, ते ठरवा. हा शिंपला ज्यात येतो त्या युनियोनिडी कुळातल्या अनेक जातींत आईकडून येणारा एफ जीनोम आणि नराच्या शुक्रपेशींत बापाकडून आलेला एम जीनोम, असे दोन वेगळे जीनोम असतात, आणि फरकही चांगलाच मोठा. एफ हवा असेल तर पायाचा किंवा शिंपा मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा घ्या. मादीच्या कल्ल्यांना हात लावू नका, तिथे पिल्लं वाढत असतील तर बापाचा डीएनए मिसळतो. एम हवा असेल तर पक्व नराचीच जननग्रंथी लागते. बाहेरून नर-मादी कळणं अवघड, म्हणून ग्रंथीचा थेंब काचपट्टीवर घेऊन शुक्रपेशी दिसतात का ते पाहायचं.

आता मशीन. साधारण 16,000 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) जीनोम सँगर या जुन्या पद्धतीने काढायचा म्हणजे एका वेळी सात-आठशे बेस, आणि प्रत्येक टप्प्याला नवा प्रायमर, म्हणजे वाचन कुठून सुरू करायचं ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा. त्यात जनुकांचा क्रम सगळ्या शिंपल्यांत सारखा नसतो, त्यामुळे दुसऱ्या जातीचे प्रायमर मध्येच दगा देतात. फक्त सीओ1 या एका जनुकावरून जात ओळखायची असेल तर सँगर पुरतं. पूर्ण जीनोमसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

इल्युमिना डीएनएचे असंख्य छोटे तुकडे एकदम वाचतं, त्याला असे जातीनुसार प्रायमर लागत नाहीत. अल्कोहोलमध्ये ठेवलेला, थोडा तुटलेला डीएनएही चालतो. एकच जात, बेताचं बजेट आणि बाहेरच्या लॅबला नमुना पाठवायची तयारी असेल तर हेच घ्या. अडचण येते ती पुनरावृत्ती असलेल्या, जनुकं नसलेल्या भागात. तिथे तुकडे जुळत नाहीत.

नॅनोपोर ती जागा एका लांब रीडमध्ये, म्हणजे एका दमात वाचलेल्या तुकड्यात, ओलांडतं, पण त्याला ताजा, न तुटलेला डीएनए हवा. शिंपल्याचा बुळबुळीत चिकटा इथेच नडतो, म्हणून डीएनए सीटॅब (चिकटा वेगळा करणारं रसायन) पद्धतीने काढणं बरं. शिवाय टीटीटीटी अशा सलग रांगांत एखादा बेस गळतो आणि जनुक मध्येच तुटल्यासारखं दिसतं. हातात इल्युमिनाचा डेटा असेल तर ती चूक दुरुस्त करता येते.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी ॲनोटेशनला, म्हणजे कोणतं जनुक कुठे आहे ते नोंदवताना, अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा जनुकीय कोड, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तक्ता 5, लावा. आणि एटीपी8 हे जनुक सापडलं नाही तर ते नाहीच असं लिहून मोकळे होऊ नका. हे छोटंसं जनुक सॉफ्टवेअरच्या नजरेतून सहज सुटतं, हातानेच शोधावं लागतं.